घरात मोठं माणूस असताना

ट्रक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मावशी सकाळच्या चहाची भांडी विसळत होती. सामान ते काय असणार? लोखंडी कपाट, पलंग, शिवणयंत्र आणि दोन ट्रंका. हमालांनी ते हसतखेळत चढवलं. शेजारणी हातचं काम टाकून दाराशी जमल्या होत्या.

"नशीब काढलंस बाई," एकीने म्हटलं. "तुझ्यासाठी मुलाने मोठं घर घेतलं. आमच्याकडे आई राहायला येते म्हटलं की आहे ते घरसुद्धा लहान होतं."

मावशी लाजल्यासारखी हसली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. तिथे थोरामोठ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. नवरा बॉयलरवर कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. दारू नाही, जुगार नाही, माणूस निर्व्यसनी असं लोक म्हणत. फक्त त्याचा हात सुटायचा. तेवढं सोडलं तर वाईट नव्हता, असं मावशीही म्हणे, आणि ते म्हणताना तिचा हात नकळत डाव्या बरगडीकडे जाई.

मुलाचं नवं घर अकराव्या मजल्यावर होतं. तो इस्पितळांना यंत्रं विकायचा. गोडबोल्या म्हणून त्याची ख्याती होती. दगडाला पाझर फोडील अशी जीभ. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. त्यांची सात वर्षांची मुलगी चिऊ. आजीची खोली कुठली हे दाखवायला चिऊच पुढे धावली. खोलीला स्वतःची खिडकी होती आणि पलंगाशेजारी दिवा. मावशीच्या उभ्या आयुष्यात एकटीची अशी ती पहिलीच खोली. रात्री तिने दोनदा उठून दार आतून लावून पाहिलं आणि पुन्हा उघडलं.

पहिले दिवस कौतुकात गेले. "आई, तुम्ही बसा, मी करते," सून म्हणे. "मला काय पांगळी समजलीस?" मावशी म्हणे आणि ताटं मांडी. दोघींचं जमलं. सून कमी बोलायची, पण मावशीजवळ येऊन बसायची. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि लिफ्टच्या दाराचा आवाज ऐकायची. उकाड्यातही लांब बाह्यांचा सदरा घालायची. मावशीला कळत होतं. न कळायला ती काय कालची होती? पण काही गोष्टी कळल्या की पुढे काहीतरी करावं लागतं, म्हणून तिने त्या कळू दिल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना सून म्हणाली, "मला नव्या दुकानाची प्रमुख करताहेत. मी हो म्हटलंय."

मुलाने घास संपवला. हात पुसले. "जरा आत ये," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. सून उठली आणि त्याच्यामागून खोलीत गेली. दार लागलं.

पहिला आवाज कपाटाचा होता, कोणीतरी त्याच्यावर आपटल्याचा. दुसरा कशाचा हे मावशीला सांगावं लागलं नाही. उघड्या हाताचा आवाज वेगळा असतो आणि मुठीचा वेगळा. ती ताटावरून अर्धवट उठली. चिऊने वरही न बघता हात लांब केला, रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"जेव ना आजी," ती म्हणाली. "होईल थोड्या वेळात."

मावशी पुन्हा खाली बसली.

सकाळी न्हाणीघरात तिला बादलीत कोंबलेला उशीचा अभ्रा सापडला. रक्त वाळून तपकिरी झालं होतं. तिने थंड पाणी सोडलं, मीठ चोळलं. गरम पाण्याने रक्त कापडात बसतं, हे ती धुलाईखान्यात नव्या पोरींना शिकवायची. अभ्रा पांढरा स्वच्छ निघाला. तिने मान वर केली तर दारात सून उभी. वरचा ओठ फाटलेला, एक डोळा जेमतेम उघडा.

"तुम्ही कशाला धुतलंत?"

"राहू दे गं. डाग लगेच काढलेला बरा." मावशीने अभ्रा पिळला. मग पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना सांगितलेलं तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "हे बघ, घरोघरी मातीच्या चुली. पुरुषाचा राग म्हणजे दुधाला आलेला ऊत. तो आला की आपण बाजूला व्हावं. नवं दुकान काय, मागाहूनही मिळेल."

सून फुटलेल्या ओठाने सावकाश म्हणाली, "हे मोठं घर मी घ्यायला लावलं, आई. त्यांना नको होतं. मीच हट्ट केला, आईंना आपल्याकडे आणू म्हणून. मला वाटलं होतं, घरात मोठं माणूस असलं, तुम्ही समोर असलात, की त्यांचा हात उठणार नाही."

ती कामावर निघून गेली. डोळ्यावर काळा चष्मा होता. चष्म्याच्या दुकानात त्याला तोटा नव्हता. मावशी ओला अभ्रा हातात धरून तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने धीर केला. मुलगा न्याहारीला बसला होता, आईच्या पावाला लोणी लावून देत होता. लहानपणी ती त्याला द्यायची तसं, अगदी कडेपर्यंत.

"बाळ, तिच्या अंगावर हात टाकू नकोस."

तो चिडला नाही. त्याने पाव तिच्या बशीत ठेवला. "आई, बाबा तुला मारायचे. आठवतं?"

"हो."

"मग तू कुठे गेलीस? कुठेच नाही. राहिलीस. संसार केलास, मला शिकवलंस, वाढवलंस. मी सगळ्यांना सांगतो, माझ्या आईसारखी बाई होणे नाही." त्याने प्रेमाने तिच्या हातावर हात ठेवला. "तू आता इथे आहेस ना, तर तिला तेवढं शिकव. तुझं ऐकेल ती."

नवऱ्याने इतकी वर्षं मारलं, पण असा वर्मी घाव कधी बसला नव्हता. लोणी लावलेला पाव तिने खाल्ला नाही, पण त्याला उलट उत्तरही दिलं नाही.

त्यानंतरचा महिना शांततेत गेला. मुलगा घरी फुलं घेऊन आला. सुनेने नव्या दुकानाचा विषय काढला नाही, पण एका रविवारी दुपारी ती उशिरा घरी आली. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. नव्या दुकानाच्या किल्ल्या.

मुलगा स्वयंपाकघरात पाणी पीत होता. त्याने किल्ल्यांकडे पाहिलं, पेला धुतला, पालथा घातला आणि एकदम तिचे केस मुठीत धरले. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. ती गुडघ्यावर कोसळली तेव्हा त्याने लाथ घातली, तोंडावर. काडी मोडावी तसा हाडाचा आवाज आला. फरशीवर किल्ल्या पसरल्या आणि त्यांवर रक्ताचे थेंब.

या वेळी मावशी बसून राहिली नाही. ती मध्ये पडली. "सोड तिला," म्हणून तिने त्याच्या दंडाला लोंबकळून ओढलं. त्याने तिला झटकली. म्हातारं अंग भिंतीवर गेलं, हात अंगाखाली सापडला आणि मनगट मोडलं.

क्षणभर तो थांबला. आईकडे बघत राहिला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मावशीला वाटलं, संपलं. मग तो बायकोकडे वळला.

"बघितलंस? तुझ्यापायी आईला लागलं."

आणि त्याने पुन्हा लाथ उचलली.

मावशी एका हातावर सरपटत बाहेरच्या खोलीत आली. तिथे चिऊ टीव्हीचा आवाज वाढवून बसली होती. तिने बाहेरच्या दाराला हात लावला, दाराला आतून कुलूप, किल्ली मुलाच्या खिशात. गॅलरीत जाऊन ती ओरडली. खाली माणसं मुंग्यांएवढी. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या बंद, यंत्राची थंड हवा आत कोंडून बसलेल्या. जुन्या घरी भिंत एवढी पातळ होती की इकडे शिंकलं तर पलीकडून विचारपूस होई. नवरा फार मारू लागला की पलीकडची बाई दार ठोठावून साखर मागे. साखर तिला नको असे. इथे कोण साखर मागायला येणार?

दाराशेजारी भिंतीवर फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन होता. तिने चांगल्या हाताने तो उचलला.

"पोलिसांना बोलाव. अकराव्या मजल्यावर. माझा मुलगा बायकोला मारतोय."

पहारेकरी घुटमळला. "मावशी, घरातलं भांडण आहे ना? उगाच आम्ही मध्ये कशाला..."

"घरातलंच आहे. घरातच मारतोय तो तिला, जिवे मारतोय. माझा हात मोडलाय. ती मेली, तर तुला फोन केला होता हे मी सगळ्यांना सांगेन."

पोलीस आले तेव्हा मुलाने हात धुतले होते, सदरा बदलला होता. दार त्यानेच उघडलं.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "बायको ओल्या फरशीवरून घसरली. आई सावरायला गेली, तीही पडली. रुग्णवाहिका लगेच येईल ना?"

ज्या इस्पितळाच्या चादरी मावशीने जन्मभर धुतल्या, त्याच इस्पितळात दोघींना नेलं. सुनेचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तारा घालून तोंड बंद केलेलं. तिला बोलता येत नव्हतं, शुद्धही धड नव्हती. डॉक्टर म्हणाले, जगेल. डाव्या कानाचं सांगता येत नाही.

मावशीचा हात प्लॅस्टरमध्ये. ती बाकावर बसली होती. शेजारी मुलगा, तिच्यासाठी दूध घेऊन आलेला. तिचा धाकटा दीरही धावत आला होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, घसरलीच ती. काय समजलं? दादाने तुम्हाला काय कमी मारलं? तुम्ही कधी चावडीवर गेलात? घराची अब्रू झाकलीत म्हणून आज मान आहे. आई होऊन पोटच्या पोराला तुरुंगात घालणार? आणि मग राहणार कुठे? त्या घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, विचार करा."

मावशीने विचार केला. जुनी खोली दुसऱ्या कोणाला गेली होती. खिडकीची खोली मुलाची होती. मुलगा म्हातारपणाची काठी, असं जग म्हणत होतं. तिच्यापाशी तेवढी एकच काठी होती.

तेवढ्यात चिऊला घेऊन दहाव्या मजल्यावरची बाई आली. पोलीस आले तेव्हापासून चिऊ तिच्याकडेच होती. आजीला पाहून पोर बिलगली नाही. बाकाच्या टोकाला गुडघे जवळ घेऊन बसली. बाई मावशीशेजारी टेकली. हातातली पिशवी नुसतीच चाळवत राहिली.

"आम्हाला खाली आवाज यायचे," ती शेवटी म्हणाली. "पूर्वीच्या भाडेकरूंचे कधी आले नाहीत म्हणून कळायचं. मी ह्यांना म्हटलं, बघून येऊ या का. तर हे म्हणाले, घरात म्हातारी आई आहे की त्यांची. काही वावगं असतं तर ती गप्प बसली असती का?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग चिऊकडे. मग लांब उभ्या असलेल्या मुलाकडे. तो एका डॉक्टरशी हसून बोलत होता, त्याचा हात डॉक्टरांच्या खांद्यावर होता.

पोलीसबाई जवळ आली. वयाने लहान, डोळे थकलेले. "आजी, नेमकं काय झालं ते तुम्ही सांगणार का? तुमच्या सुनेला बोलता येत नाही. तुम्ही पाहिलं नसेल तर मला मुलीला विचारावं लागेल. ती घरात होती."

चिऊने मान वर केली.

"पोरीला विचारू नका," मावशी म्हणाली. "मी सांगते."

"वहिनी," दीर म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही जा. माझ्या अंगावरचे वळ तुम्ही पाहिले होते. तेव्हाही तुम्ही जेवून गेलात."

दीर गोरामोरा होऊन बाजूला झाला. मुलाचं हसणं थांबलं. त्याने हाक मारली, "आई," अगदी मऊ आवाजात. लहानपणी ताप आला की हाक मारायचा तशी. मावशीने डोळे मिटले, पण वळून पाहिलं नाही. ती पोलीसबाईच्या आधाराने उठली आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसली. दार उघडंच ठेवा, म्हणाली. ज्याला ऐकायचं त्याला ऐकू दे.

पोलीसबाईने पेन उघडलं. "आज दुपारी जेव्हा सून घरी आली, तिथून सांगा."

"तिथून नको," मावशी म्हणाली. "तिथून सांगितलं तर तो एकटाच गुन्हेगार होईल."

"मग कुठून?"

मावशी एकेक शब्द सावकाश बोलू लागली. "त्याच्या बापाने मला चुलीपाशी पाडून मारलं होतं. हा पाच वर्षांचा. दारात उभा राहून बघत होता. रडत होता, बापाच्या पायाला धरून ओढत होता. मी रक्त पुसलं आणि त्याला म्हटलं, रडू नकोस बाळ, काही झालेलं नाही, जा खेळायला." ती थांबली. "तिथून लिहा."