किल्ल्यात मागे जाताना

रेवाने बटण दाबून धरलं. पडद्यावरची दगडी भिंत दूर सरत गेली आणि पायाशी पहिलं प्रेत आलं.

कॉम्प्युटरवर बाबांचा सेव्ह केलेला एकच खेळ होता. उद्या विश्वजीतकाका कॉम्प्युटर उरणला नेणार होते. त्याआधी तिला तो खेळ पुरा करायचा होता. तेराव्यापर्यंतचं सगळं भटजी सांगतील तसं झालं होतं, तरी तिचं बाबांसाठी काहीतरी करायचं राहून गेलं होतं.

पण पुढे जाण्याआधी ती मागे निघाली. हे बाबांनीच शिकवलेलं. नवीन पनवेलच्या याच हॉलमध्ये तिला शेजारी बसवून ते सांगायचे, “धावू नकोस. मागे जाऊन बघ. इथे काय झालं ते मेलेली माणसं सांगतात.”

भालदारावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वार झाले होते. भिंत छतापर्यंत लाल होती. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात लुळा पडला होता, वाचाही गेली होती. डाव्या हाताने नेम लागत नसणार, असं तिने मनाशी ठरवलं. फोनवर तीच आईला म्हणाली होती, त्यांना खेळू दे, मन रमेल.

पुढच्या दालनात आचारी पडला होता. त्याच्याकडे शस्त्र नसतं. तो फक्त किल्ली देतो. त्याच्याकडून किल्ली घेतली होती आणि मग त्याचा हात कोपरापासून तोडला होता. त्याच्यापलीकडे कुत्रा. दाराआड लपलेल्या दोन दासी, लपल्या जागीच.

याला नेम चुकणं म्हणता येईना.

बाबांचा हात रेवावर कधी उठला नव्हता. आईचं डावं मनगट मात्र वाकडं जुळलं होतं. मोरीत पाय घसरला, असं घरात म्हणायची पद्धत होती.

“आई, बाबा शेवटी शेवटी असंच खेळायचे?”

कणकेचे हात पदराला पुसत कुमुद बाहेर आली. तिने पडद्याकडे जेमतेम पाहिलं.

“इंजिनिअर झालीस आणि रस्ता चुकतेस? राजा तिकडे नाही. सरक.”

ती उभ्यानेच खेळू लागली. बटणं तिला बघावी लागली नाहीत. कुत्रा, आचारी, भालदार ओलांडत, वाटेतला जिना चढून ती सरळ सिंहासनाशी पोचली.

“तू खेळायचीस?”

“ह्यांचा हात कुठे चालत होता? हे बघायचे. इथे, खुर्चीत बसून.” कुमुदने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल काढून घडी घातली. “डोळे मिटले की मी आवाज वाढवायचे.”

राजा सिंहासनावर कलंडला होता. तलवार खाली पडलेली, दोन्ही पाय निकामी. कोपऱ्यातली त्याच्या जिवाची लाल पट्टी केसाएवढी उरली होती.

“एका वाराचं तर काम होतं,” रेवा म्हणाली. “मारलं का नाहीस?”

“मेला की खेळ संपतो.”

कुमुदने की-बोर्ड तिच्यापुढे सरकवला.

“तुला पुरा करायचाय ना? कर. माझी कणीक वाळतेय.”

आत लाटणं फिरू लागलं. राजाचे डोळे उघडे होते.

रेवाने आधी आवाज पूर्ण बंद केला. मग बटण दाबलं.