दोन मिनिटं कोरा चेहरा

मार्चच्या शेवटी मानसशास्त्र विभागाचं वेबपान नव्यानं सजलं आणि त्यावरच्या तीन चेहऱ्यांचे दोन झाले. आर्डिस टोलेफ्सन, विभागप्रमुख: आईची नजर आणि तान्हं मूल. ड्वाइट एकर्न: म्हातारपणातलं विसरणं. तिसरा लोवेल स्कार. माणसं माणसाला कशी वगळतात हा ज्याचा विषय, नेमका तोच वगळला गेला होता.

दुसरा कुणी असता तर तडकला असता. लोवेल लॅपटॉप काखोटीला मारून हसत हसतच आर्डिसच्या दारात आला.

"काय झकास सुरुवात केलीत! कल्पना कुणाची? तुमची की ड्वाइटची?"

आर्डिसला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. या माणसाला वाटत होतं, आपल्यावर प्रयोग चाललाय. तिनं तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा रे, प्रयोग नाही हा. ती म्हणाली, "कॉफी घेणार?"

त्याचं तरी काय चुकलं? सहा वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? तिघांना खोलीत आणायचं, चेंडू द्यायचा. त्यातले दोघं आतून सामील. थोडा वेळ चेंडू तिघांत फिरतो, मग दोघांतच. तिसरा हात पुढे करून उभा. किती वेळ उभा राहतो, ते लोवेल मोजायचा. आणि सरतेशेवटी त्या तिसऱ्याला जवळ बसवून सगळं खरं सांगायचा. फसवून प्रयोग केला तर शेवटी खरं सांगायचंच, हा या धंद्याचा नियम. त्याच्या खोलीबाहेर मुलांची रांग असे. आर्डिसकडे दोन वर्षांत एकही नवी विद्यार्थिनी फिरकली नव्हती. हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

कागदावर होतं ते वेगळं. सहा वर्षं भरली की माणसाला कायम करायचं, नाहीतर वर्षभरात त्यानं बिऱ्हाड हलवायचं. आर्डिसनं आणि ड्वाइटनं फेब्रुवारीतच 'नको' लिहून दिलं होतं, वरच्या डीननं, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखानं, मान डोलावली होती. पत्र निघणार होतं एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी. पान सजवणाऱ्या ड्वाइटला तेवढा दम धरवला नाही, इतकंच. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम होता, आणि आर्डिस त्या नियमाला चिकटून होती, ओल्या भिंतीला पान चिकटावं तशी.

विभागाच्या बुधवारच्या जेवणाला लोवेल आला की टेबलावरचं बोलणं बंद पडायचं. तो खुशीत मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबायचा.

"अगं, आपण किती वेळ गप्प बसतो ते मोजतो तो!" ड्वाइट नंतर डोळे पुसत हसला. "सांगून टाकायचं का गं?"

"कशाला? सुखात आहे ना," आर्डिस म्हणाली.

पत्र निघणार होतं त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी, साडेतीनला लोवेल आला, तेव्हा त्याच्या हातात दुसरंच पत्र होतं. नेब्रास्कातल्या एका कॉलेजानं त्याला जागा देऊ केली होती. हो की नाही, ते पाचपर्यंत कळवायचं होतं.

"डीना म्हणते, घे." बायकोचं नाव घेताना तो खुर्चीत सावरून बसला. "म्हणते, 'त्यांना तू नकोसा झालायस, आणि हे कळायला डॉक्टरेट लागत नाही.' मी म्हटलं, वेडे, त्यांना शेवटी खरं सांगावंच लागतं. आज नाही तर सोमवारी."

सोमवार ऐकूनही आर्डिसच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

चेहरा हीच तिची तीस वर्षांची कमाई. तिच्या प्रयोगात आया बाळांसमोर बसत. आधी खेळवत, आणि घंटी वाजली की दोन मिनिटं चेहरा कोरा करून नुसतं बघत. ना हसू, ना हुंकार. बाळ आधी हसून बघतं. हसू जातं आणि रिकाम्या हातानं माघारी येतं. मग बोट दाखवतं, ते बघ ना, तिकडे बघ. मग दोन्ही हात पुढे करतं. पुष्कळ आयांना निभत नाही, चाळिसाव्या सेकंदालाच त्या विरघळतात. त्यांचे कागद आर्डिस बाजूला काढून ठेवी, आणि मनातून तिला त्यांची किळस येई.

लोवेल हसला. आर्डिस बघत राहिली.

"ड्वाइटला काल जिन्यात गाठलं, तर नाड्या बांधायला खाली वाकला. बिननाडीचे बूट!" तो खो खो हसला. एकट्याचं हसू खोलीत फिरलं आणि बसलं.

त्यानं खिडकीकडे बोट केलं. "रॉबिन पक्षी आलेत बघा. बर्फ वितळायच्या आधीच आलेत."

आर्डिसनं तिकडे पाहिलं नाही.

"टिल्डाची शाळा आहे हो इथे," त्याचा आवाज खाली आला. "एक मैत्रीण मिळायला तीन वर्षं लागली पोरीला." त्याचे दोन्ही तळहात टेबलावर उताणे पडले. "प्रयोग काय आहे ते नका सांगू. घर सोडू नको, एवढंच सांगा. नुसती मान हलवा, आर्डिस."

ती सेकंद मोजत होती. ते मोजणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं, श्वासासारखं आपलं आपण चाले. 'नेब्रास्का घे,' एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं तर हा इथेच रडेल. आणि रडणाऱ्याला जवळ घ्यायचं काम तिच्या प्रयोगात नेहमी आयांकडे असे.

दोन मिनिटं झाली. तिसरं लागलं.

आणि लोवेलचा चेहरा उजळला. "वा! तुम्ही चिडला असतात, नाहीतर कीव केली असतीत, तर मी घाबरलो असतो. खरोखर हाकलणाऱ्या माणसाला असं कोऱ्या चेहऱ्यानं बसवतच नाही. हे प्रयोग करणाऱ्यालाच जमतं!" उठता उठता त्यानं तिचा हात दाबला. त्याचा तळवा घामानं ओला होता.

जिन्यातून आवाज वर आला. "हॅलो, लोवेल स्कार बोलतोय... फार आभारी आहे, पण नाही. आम्ही इथेच राहतोय... हो हो, अगदी नक्की."

दार उघडं होतं. जिना चार पावलांवर. आर्डिस खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धी उठली, आणि फोन संपेपर्यंत तशीच अर्धी राहिली. मग खाली बसली.

पावलं धावत वर आली. लोवेल दारात उभा, धापा टाकत, कान लालबुंद. भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम पावणेचार झाले होते. पाच वाजायला पुष्कळ अवकाश होता.

"झालं! कळवून टाकलं त्यांना," तो म्हणाला. "आता तरी हसा."

आणि आर्डिस हसली.