माझ्यात जिन्न नाही

मी गोल करवत बोलतेय. इजिप्तमधल्या दुमयात शहराच्या सुतारआळीत ‘झपाटलेली’ म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात, ती मीच. बाया आमच्या दुकानावरून जाताना पोरांना पलीकडच्या अंगाला घेतात. मला त्याचं हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य सुरू झालं ते उस्ता, म्हणजे उस्ताद, शहाताच्या दुकानात. आमच्याकडे नवं यंत्र आलं की मेंढा कापतात आणि रक्तात बुडवलेला पंजा यंत्राच्या अंगावर उमटवतात. रक्ताची भूक पहिल्याच दिवशी भागली, की पुढे ते माणसाकडे मागत नाही म्हणे. शहाता पक्का चिक्कू. त्याने कोंबडीवर भागवलं.

“एवढं मोठं धूड, आणि त्याला कोंबडी?” शेजारचा रंगारी ओरडला.

“डॉक्टरने पथ्य सांगितलंय त्याला!” शहाता म्हणाला, आणि सगळी आळी हसली.

ते दिवस सुखाचे होते. नव्या नवरींचे पलंग, कपाटं, आरसे ठेवायची मेजं, सगळ्यांचं लाकूड माझ्यातून जायचं. माझ्यावर गाबर नावाचा कारागीर काम करायचा. फळी पुढे सरकवण्याआधी तिच्यावरून तळवा फिरवायचा आणि तिच्याशी काहीबाही बोलायचा. त्याचा हात लागला की मलाही माणसात आल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात वीज जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा. तेव्हा शहाताची एकच ताकीद असे. “बटण बंद करू नका रे! ती ओरडली की समजायचं, वीज आली. घंटा आहे ती आपली.” मग सगळे समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचे आणि मी बटण चालू ठेवून मुकी पडून राहायचे.

एका दुपारी अशीच वीज गेली. माझ्या दात्यांत एक ढलपी अडकली होती. बाकीचे बाहेर गेले, गाबर मागे थांबला. तेवढी काढून टाकू म्हणून त्याने बोटं आत घातली. मला ती दिसत होती. ‘काढ हात’ एवढंच मला म्हणायचं होतं, पण माझा आवाजसुद्धा विजेचाच. वीज आली आणि मी ओरडले.

“चला रे, आली!” बाहेरून शहाता म्हणाला. मग आतून दुसरा आवाज आला, आणि टपरीवरचे पेले तसेच राहिले.

गाबरची दोन बोटं भुशात सापडली.

बटणाची चौकशी कोणी केली नाही. लोक सांगत सुटले की बटणाला कोणी हात लावला नसताना यंत्र आपोआप चालू झालं, आत जिन्न बसलाय. रंगाऱ्याने त्या कोंबडीचा विषय काढला. शहाताचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्याच आठवड्यात त्याने लठ्ठ मेंढा आणला. ज्याचं रक्त गेलं त्याचाच पंजा हवा, असं जाणत्यांनी सांगितलं. गाबरने पट्टी सोडून हात रक्तात बुडवला आणि माझ्यावर ठेवला. तीन बोटं उमटली.

“उस्ता,” तो हळूच म्हणाला, “बटण चालू होतं.”

“गप रे! त्याला ऐकू जातं.”

तेव्हापासून मी खरीच झपाटले. सुरू होताना माझा सूर चढतो, त्यात मला त्याची किंकाळी ऐकू येते. कारागिरांनाही येत असावी. मी सुरू झाले की ते बोलायचे थांबतात. गाबर आता कोपऱ्यात बसून डाव्या हाताने पॉलिश करतो.

आणि बटण? ते चालूच राहिलं. मेंढा दिला होता ना!

परवा वीज गेली, पुन्हा काहीतरी अडकलं. माझ्यावर आता मेहरेज नावाचा नवा कारागीर आहे. तो मागे सरला.

“मी नाही हात घालणार, उस्ता. तो आत आहे.”

“लग्न केलंस आणि जिन्नाला भितोस? तुझ्या बायकोपेक्षा गरीब आहे तो!” शहाताने बाही वर केली आणि हात मनगटापर्यंत आत घातला. “हे बघ. मेंढा खाल्लाय माझा.”

मी गाबरकडे पाहिलं. तो बटणाकडे पाहत होता. पॉलिशचा बोळा हातातच होता. तो उठेना. त्याच्या तोंडावर जे दिसलं, त्याची मला माझ्या दात्यांपेक्षाही भीती वाटली. ऊठ रे बाबा, मी मनात म्हणत राहिले, ऊठ.

अखेर तो उठला. चालत आला आणि त्याने बटण बंद केलं.

“अरे, वीज आलेली कळणार कशी?” शहाता हात आत ठेवूनच ओरडला.

“कळेल उस्ता. थांबा.”

तो बटणावर अंगठा ठेवून उभा राहिला. शहाता ढलपी ओढत शिव्या देत होता. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला विजेचा रंधा घरघरला, डोक्यावरचा पंखा फिरला, रेडिओ मधूनच बोलू लागला. मी मात्र गप्प होते.

शहाता पंख्याकडे बघत राहिला. हात बाहेर काढायचंही त्याला सुचेना.

“काय हो उस्ता,” गाबर म्हणाला, “कुठाय तुमचा जिन्न?”

हल्ली वीज गेली की शहाता स्वतः उठून बटण बंद करतो. गाबरशी तो अजून त्याविषयी एक शब्द बोललेला नाही.

तुमच्याकडेही माझी भावंडं असतील. वीज गेली म्हणून ती मेली असं समजू नका. आधी बटण बंद करा, मग हात घाला. आणि उशीर झालाच, तर ज्याची बोटं गेली त्याच्यासमोर निदान जिन्नाचं नाव घेऊ नका.