खडखडीवर टांगलेली टोपी

मी एक जुनी पाणचक्की आहे. पण जुनी झाले म्हणून गप्प बसेन असं समजू नका, मित्रांनो. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही मी फिरतेच आहे. खड-खड, खड-खड. म्हणून तर सगळे मला 'खडखडी' म्हणतात.

मी पीठ दळत नाही. माझ्या डोक्यावर पत्र्याचं मोठं पिंप आहे आणि त्यात चुन्याची भुकटी असते. ओढ्याच्या पाण्यानं मी एक फेरी मारली, की पिंपाखालची झडप उघडते आणि पसाभर चुना पाण्यात पडतो. काम एवढंच, पण ते थांबलं तर खालच्या नदीचं काही खरं नाही.

का, ते सांगते. वर डोंगरात एक खाण होती. ती बंद पडली, माणसं गेली, यंत्रं भंगारात गेली. तिच्या बोगद्यातून झिरपून माझ्या ओढ्यात येणारं पाणी तेवढं थांबलं नाही. ते पाणी इतकं आंबट, की पुलाचे खिळेसुद्धा खाऊन टाकतं, मग माशांची काय कथा! नदीत कित्येक वर्षं औषधालाही मासा नव्हता. शेवटी गावानं नदी सुधारण्यासाठी एक कार्यालय काढलं. दोन खोल्या, दाराशी चिखलाचे गमबूट, भिंतीवर नदीचा नकाशा आणि कोपऱ्यात गळका नळ. सगळी नदी दुरुस्त करायला निघालेल्या या मंडळींना तो नळ काही अजून दुरुस्त करता आलेला नाही.

तिथल्या इंजिनिअर बाईंनी पाण्याचा आंबटपणा चुन्यानं मारायला मला घडवून घेतलं आणि कार्यालयातल्या काकांच्या हवाली केलं. काका पूर्वी त्याच खाणीत ट्रॉल्या ढकलायचे. पिंपात चुन्याची पोती रिकामी करताना ते मला म्हणायचे, "ज्या खाणीनं नदी नासवली, तिचंच मीठ खाल्लंय गं मी. एकदा मासे दिसू देत, मग मी सुटलो." मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. मला फिरायची घाई असायची.

कधी झडप अडकली, तर मला थांबवावं लागतं. त्यासाठी चाकात लाकडी पाचर ठोकतात. कार्यालयात एक रिवाज आहे. ज्यानं पाचर ठोकली, त्यानं आपली टोपी माझ्या खांबावरच्या खिळ्याला टांगायची आणि पाचर काढल्यावरच परत डोक्यावर घालायची. इथलं ऊन असं, की उघड्या डोक्यानं चार पावलं गेलं तरी टाळू तापते आणि टोपीची आठवण होते. टोपी आठवली की मी आठवते.

मग एका वर्षी नदीत मासे सोडले. बादली काकांनी पालथी केली. "जगतील ना हो, बाई?" असं त्यांनी दहादा विचारलं. मासे जगले. दुपारी ते वर उसळी मारायचे आणि काका जेवणाचा डबा हातात धरून बघत बसायचे.

त्याच सुमारास ट्रॉलीच्या जुन्या रुळांच्या जागी नदीकाठानं फिरायची पायवाट तयार झाली. कठडे आले, बाकं आली, उद्घाटन ठरलं. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "काका, हिच्या आवाजात भाषण कुणाला ऐकू जायचं नाही. शिवाय चुना पाहुण्यांच्या कपड्यांवर उडेल. थोडा वेळ थांबवू या."

"आणि मासे?"

"भाषण संपलं की लगेच सुरू करा. तेवढ्यानं काही होत नाही."

काकांनी पाचर ठोकली. टोपी खिळ्याला टांगली. आणि मित्रांनो, घोटाळा झाला तो इथेच. उद्घाटनाच्या नादात कार्यालयानं सगळ्यांना नव्या कोऱ्या टोप्या वाटल्या! भाषण झालं, टाळ्या झाल्या, काका नवी टोपी घालून ऐटीत घरी गेले. त्यांची टाळू तापलीच नाही.

मी मात्र आतून नुसती तडफडत होते. पाणी धक्के देत होतं, पाचर मला हलू देत नव्हती. पायवाटेवर लोक हौसेनं म्हणत होते, "अहा, पाणी बघा काय नितळ आहे!" अरे बाबांनो, चुना पडतो तेव्हा पाणी जरा गढूळ दिसतं. हे नितळ पाणी म्हणजे खाणीचं विष! पण सांगणार कोण?

घरी काकूंनी विचारलं, "जुनी टोपी कुठंय? धुवायला टाकते." काका ताटावरून तसेच उठले. पायात एकच चप्पल, धापा टाकत ते आले आणि त्यांनी पाचर उपटली. मी फिरू लागले, पण खाली बाकाजवळ मासे उलटे होऊन तरंगत होते. काकांनी त्यातला एक ओंजळीत घेतला, माझ्याजवळ आणला आणि रडत म्हणाले, "अगं खडखडी, एक हाक तरी मारायचीस!"

मागोमाग बाई आल्या. "थांबवायला मी सांगितलं होतं, काका," एवढंच म्हणून त्या शेजारी चिखलात बसल्या. वरून झऱ्याचं गोडं पाणी येतं त्या कोपऱ्यात थोडे मासे दाटीवाटीनं जगले होते. आज नदीत आहेत ते त्यांचेच वंशज. आता पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्यासाठी मला कोणी थांबवत नाही.

पण काकांचं ते बोलणं माझ्या मनातून जात नाही. मी हाक मारते ती फिरत असताना. थांबले की माझी वाचाच बसते. म्हणून मित्रांनो, पायवाटेवर फिरायला आलात, तर माझ्या आवाजाला नावं खुशाल ठेवा. पण तो ऐकू आला नाही, खिळ्याला टोपी दिसली आणि जवळपास कोणीच नसलं, तर नितळ पाण्याकडे बघत उभे राहू नका. कार्यालयाकडे पळत सुटा आणि माझ्या वाटची हाक तुम्ही मारा.