पंच क्रमांक एक

समुद्रात आत गेलं की मोबाइलला रेंज नसते.

पिवळ्या माशांच्या नक्षीचे पडदे एडवर्ड मास्तरांच्या बायकोने, बर्नादेतने शिवले होते. ती वारली, पडदे राहिले.

निवृत्त मास्तर पंच म्हणून कोर्टात शोभतो.

अश्लील चित्रफीत विकणं आणि भाड्याने देणं, दोन्ही गुन्हाच.

बंदरावर शिवाचं मोबाइलचं दुकान आहे. मासेमारीला निघणारे खलाशी त्याच्याकडून भरलेली मेमरी कार्डं भाड्याने नेत, परतल्यावर बदलून घेत. शनिवारी छापा पडला. जप्त केलेलं पंचांनी बघायचं असतं, म्हणून पोलीस ठाण्यात दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर एडवर्ड मास्तर, दुसरीवर रिक्षावाला धोंडू.

"मास्तरांनू, जन्मभर पेपर तपासलात," धोंडू म्हणाला, "आता ह्येंका मार्क द्या."

फौजदार संचिता राणे हसल्या नाहीत. "सरकारी वकिलांचं धोरण सांगते. बाई अनोळखी असेल, तर फक्त विक्रीचा खटला. शिवा गुन्हा कबूल करेल, दंड भरेल, सुटेल. बाई ओळखली गेली, तर चोरून चित्रण करणाऱ्यापर्यंत जाता येतं. त्याला तुरुंग. पण मग तिला कोर्टात यावं लागेल."

"आवाज बंद करा हो," धोंडू म्हणाला. "भायर बायका आसत."

चौथी चित्रफीत. खिडकीच्या फटीतून घेतलेली. पिवळे मासे. पाठमोरी बाई कपडे बदलत होती. मग ती उजेडाकडे वळली.

फ्लाव्हिया. तिशीतली, म्हापशाला नर्स, सुट्टीला घरी येणारी. मास्तरांची मुलगी.

धोंडू एकदम खाली बघायला लागला. चपलेचा अंगठा चाचपू लागला.

"ओळखता?"

धोंडूने मान हलवली. नाही.

"मास्तर, तुम्ही?"

ती खिडकी शेजारच्या माडांच्या बागेत उघडते. तिथे कोण कोण येतं, ते मास्तरांना माहीत होतं. एक नाव तर ओठांवर आलं.

"नाही ओळखत," मास्तर म्हणाले. प्रमाण मराठीत, स्पष्ट. आणि सही केली.

शिवाने दंड भरला. पंधरवड्यात दुकान उघडलं.

छापा पडला त्या शनिवारी संध्याकाळी फ्लाव्हिया बांगडे साफ करत होती.

"पपा, खंय गेललंस?"

"पोलिसांनी न्हेल्ल्यानी. पंच म्हणान."

तिचा हात थांबला. "मगे? कोण वळखीचा दिसला?"

"नाय गो. कोण नाय."

तिने बांगड्यांवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेली. नाताळला आली नाही.

छाप्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पोलीस ठाण्यात एका बाईने नाव न सांगता फोन केला होता. शिवाच्या दुकानाची खबर दिली, आणि पंच म्हणून एडवर्ड मास्तरांनाच घ्या म्हणाली. ती फ्लाव्हिया होती.