नात्याचा रकाना

"मावशी, मला आत घ्या ना."

आठची घंटा होऊन चार मिनिटं झाली होती. फाटकाला कुलूप घालून मावशी वळल्या, तोच मागून आवाज आला. गजांपलीकडे दुसरीतली एक मुलगी उभी होती. एक वेणी कानाच्या वर, दुसरी मानेच्या खाली, दप्तराची चेन अर्धी उघडी. सोबत कोणी नाही.

मावशी सव्वीस वर्षं या फाटकावर होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. मुलं, मुलांचे आईबाप, शिक्षिका, एवढंच काय मोठ्या बाईसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. इतकी वर्षं उशिरा आलेल्या पोराला त्या "पळ, पळ!" म्हणून आत ढकलत आणि विषय तिथेच मिटे. पण गेल्या सोमवारी वर्तन-पुस्तिका आली. चाळीस पानांची. हिरवं कार्ड, पिवळं कार्ड, लाल कार्ड. जिन्याच्या कोणत्या बाजूनं उतरायचं, शिंक आली तर तोंड कुठे वळवायचं, सगळं त्यात होतं. मावशींची शाळा चौथीपर्यंतच झालेली. तरी तीन संध्याकाळी ओळीखाली बोट ठेवून त्यांनी ती वाचून काढली. सातवा नियम: आठनंतर पालक सोबत असल्याशिवाय विद्यार्थ्यास आत घेऊ नये. एकोणिसावा नियम: कोणत्याही विद्यार्थ्यास फाटकाबाहेर एकटे ठेवू नये.

"हे दोन्ही एकदम आलं तर?" त्यांनी सभेत हात वर करून विचारलंही होतं. सगळे हसले. समजावून सांगायला आलेला तरुण म्हणाला, "मावशी, ते एकदम येणारच नाही."

आता ते एकदमच आलं होतं, आणि बाहीनं नाक पुसत होतं.

"आई कुठंय गं?"

"दवाखान्यात."

"आणि बाबा?"

"मला कोपऱ्यावर सोडलं आणि पळत गेले. दवाखान्यातून फोन आला होता."

मावशींनी भिंतीवरचा फोन उचलून कचेरीत लावला. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सातवा नियम बघा. पालक नाही, प्रवेश नाही."

"मग पोरीला बाहेर ठेवू?"

"छे छे! एकोणिसावा नियम बघा."

"अहो, मग करू काय?"

"मोठ्या बाई मीटिंगमध्ये आहेत," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

इकडे आड, तिकडे विहीर. मावशी क्षणभर फाटकाकडे बघत राहिल्या. मग त्यांना वाटलं, पोर आत यायची नाही आणि बाहेर एकटीही राहायची नाही, तर आपणच बाहेर जावं. त्यांनी कुलूप उघडलं, बाहेर आल्या, बाहेरून कुलूप घातलं आणि पायरीवर मुलीशेजारी बसल्या.

"मावशी, लाल कार्ड मिळेल का मला?"

"मिळालं तर मिळालं. त्याला काय होतंय?"

"हे तिसरं आहे. तीन झाली की आईला शाळेत यावं लागतं." मुलगी बुटाच्या नाडीकडे बघत बोलत होती. "आईला तर उठताच येत नाही."

पुस्तिकेतलं एकेक पान त्यांनी मनात उलटून पाहिलं. आई उठू शकत नसेल तर काय करावं, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

तेवढ्यात खडूंची खोकी घेऊन एक माणूस आला. "फाटक कोण उघडतं इथं?"

"मी."

"मग उघडा की."

"मी बाहेर आहे ना."

त्या माणसाने एकदा मावशींकडे, एकदा कुलपाकडे पाहिलं आणि डोकं खाजवत खोकी खाली ठेवली.

पावणेनऊला मोठ्या बाई स्वतः आल्या. त्या गजांच्या आत, मावशी बाहेर.

"मावशी! बाहेर काय करताय तुम्ही?"

"नियम पाळतेय, बाई."

त्यात टोमणा नव्हता. बाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांचा चढलेला आवाज लगेच उतरला. "आणा तिला आत. पण उशिराच्या वहीत पालकाची सही लागेल. सहीशिवाय संगणक पुढे जातच नाही."

कचेरीत कारकुनाने वही पुढे सरकवली. मुलीच्या बाबांना तीनदा फोन लावून झाला. कोणी उचलला नाही. मुलगी मावशींचा पदर धरून उभी होती. वर्गात पहिला तास संपत आला होता. मावशींनी पेन उचललं, सही केली. पुढे रकाना होता: विद्यार्थ्याशी नाते. त्यांनी सावकाश, गोल अक्षरात लिहिलं, मावशी.

"अहो, हे खोटं आहे!" कारकून म्हणाला.

"खोटं कसं? तुम्ही तरी मला काय म्हणता?"

कारकुनाने वही ओढून घेतली आणि नोंद संगणकात टाकली. यंत्रातून लाल कार्ड घरघरत बाहेर आलं. त्यावर छापलं होतं: सही करणाऱ्या पालकाने शुक्रवारी चार वाजता समक्ष भेटावे.

दुसऱ्या दिवशी मावशींना खुलाशाची नोटीस मिळाली. कोणता नियम मोडला ते लिहून द्यायचं होतं. सातवा त्यांनी पाळला होता, एकोणिसावाही पाळला होता. फाटक सोडलं म्हणावं, तर ते कुलूपबंद होतं. त्यांनी कारकुनाला विचारलं, "माझं चुकलं काय ते तेवढं सांगा, म्हणजे लिहिते." कारकुनाने पुस्तिका पुढून मागे, मागून पुढे चाळली. शेवटी म्हणाला, "चुकलंय हे नक्की. कुठं, ते सापडत नाही." मावशींनी कागदावर एवढंच लिहिलं: पोर एकटी होती.

शुक्रवारी चारला त्या कामाची निळी साडी बदलून आल्या. मोठ्या बाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर त्यांनी सव्वीस वर्षांत हजारो पालकांना नेऊन बसवलं होतं. स्वतः कधी टेकल्या नव्हत्या. बाई गोंधळल्या. कामावरच्या बाईला उभंच ठेवायचं, की पालकाला बसा म्हणायचं?

"बसा," शेवटी त्या म्हणाल्या, आणि वेळेचं महत्त्व, वेळेवर झोप, आदल्या रात्री भरलेलं दप्तर असं छापील कागदावरून वाचू लागल्या. मावशी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. मुलगी टेबलाची कड नखाने खरवडत उभी होती.

अर्धं वाचून झालं असेल, तोच दारात एक माणूस धापा टाकत आला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. "मी हिचा बाबा. मेसेज आत्ता बघितला. माफ करा." मग त्याची नजर खुर्चीकडे गेली. "या कोण?"

"मावशी," मुलगी म्हणाली.

तो बघत राहिला. कित्येक दिवसांची झोप त्याच्या डोळ्यांत तुंबली होती. "हो का... माफ करा हं, मी ओळखलं नाही. हिच्या आईकडच्या का तुम्ही?"

मावशींना हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

बाईंनी हातातला कागद पालथा घातला. "यांनीच सांभाळलं तिला त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यातली दुसरी खुर्ची स्वतः उचलून आणली. "बसा तुम्हीपण. कशी आहे हिची आई?"

"उद्या ऑपरेशन आहे," तो म्हणाला. मग मुलीला जवळ घेऊन तो खुर्चीत टेकला.

बापलेक गेल्यावर बाईंनी खणातून एक पाकीट काढलं. आतला कागद मावशींनी बोट ठेवून वाचला. सोमवारपासून त्यांना फाटकाच्या कामातून मुक्त करण्यात येत होतं. पुढचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, निवृत्तीपर्यंतचे पाच महिने.

"बाई, मुक्त म्हणजे काढलं, की सोडवलं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? मलाही कळलेलं नाही. वरून शब्दच तसा आलाय."

मावशींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. मग एकेक किल्ली बोटाने वेगळी करून दाखवू लागल्या. ही मैदानाच्या दाराची. ही पाण्याच्या खोलीची. ही कशाचीच नाही, पण काढू नका. शेवटच्या किल्लीवर त्या थांबल्या.

"ही फाटकाची. हिच्यावर जोर करायचा नाही, बाई. नव्या माणसाला सांगा. कुलूप जरा वर उचलून धरलं की आपोआप फिरते."