उलटं फिरलेलं चाक

मी अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका ओढ्यावरचं, गनीभाईंच्या पाणचक्कीचं चाक बोलतोय. बोलायची लाज वाटते, पण ऐका.

पाटाचं पाणी माझ्या पात्यांना खालून ढकलायचं, मी फिरायचो आणि माझ्या जोरावर आतला दगड फिरायचा. चाल मंद. दळण टाकून बाया धुणं आटोपून यायच्या.

शेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात साळूबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. ते सगळं दळण गनीभाईंनी हौसेनं मागून घेतलं. ते लवकर उरकावं म्हणून त्यांनी लाकडी पन्हळ बांधून पाणी माझ्या डोक्यावर आणलं आणि पात्यांना फळ्या ठोकून खोके केले. पाणी वरून कोसळलं आणि मी असा पळालो की विचारू नका. फुशारलोच.

साळूबाई दगडाला हळदकुंकू वाहायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"गनीभाई, ह्यो उलटा फिरतोय."

खरंच होतं. पाण्यानं खालून ढकललं की मी एकीकडे फिरतो, वरून पडलं की दुसरीकडे. हे गनीभाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. पीठ बाहेर सरकावं म्हणून दगडात कोरलेल्या चऱ्याही जुन्याच दिशेच्या, म्हणून पीठ भरड आणि गरम पडत होतं.

"पीठ ते पीठच की, साळूबाई."

"उलट्या दगडाचं पीठ लग्नघरात? न्हाई बा."

"राहू द्या," मागून दळण घेऊन आलेली भीमाबाई म्हणाली, "आता गनीभाई नवरदेवाला बी उलटं घोड्यावर बसवतील."

बाया हसल्या. मला थांबता येत नव्हतं. सगळ्यांसमोर मी तसाच उलटा पळत होतो.

लग्न दोन दिवसांवर. धान्य परत गेलं.

"तुमी चाक पळवा. आमी बसतो जात्यावर," एवढं बोलून गनीभाईंची बायको जहिरा साळूबाईंच्या मागोमाग दळायला गेली.

ती परतली तेव्हा तळहातांना फोड आले होते. भाकरी मोडता येईना. गनीभाईंनी तुकडे करून तिच्यापुढे ठेवले, कुऱ्हाड घेतली आणि एकटेच येऊन पन्हळ उतरवली, पात्यांवरच्या फळ्याही काढल्या.

आता मी पूर्वीसारखा मंद आणि सरळ फिरतो. साळूबाईही पुन्हा येतात. पण दारात थांबून आधी माझ्याकडे बघतात, मी कुठं फिरतोय ते. मगच डोक्यावरची पाटी उतरवतात. इतर बायाही तसंच करतात.

बघा, बायांनो, खुशाल बघा. फक्त पाटी उतरवत जा.